गंजावरचा शेंदूर

लालासाहेबांची फोर्ड बैलांनी ओढत आणली त्या दिवशी अख्खं उंब्रज रस्त्यावर येऊन हसलं. हसणारच की. एके काळी जिच्या भोंग्यानं बैलं बुजून नांगरासकट पळायची, तिच्यापुढं आता बैलंच जुंपलेली. हूडच्या कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या, बॉनेटवर कोंबड्यांनी घाण केलेली, आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगांतनं एरंडाचं रोप वर आलेलं. कोंडीबा न्हावी पायरीवरनं ओरडला, "लालासाब, हिला बाजारात इकायला काढली का काय?" लालासाहेब एरवी असल्या बोलण्याला पायातलं काढून उत्तर देणारा माणूस. पण त्या दिवशी खाली मान घालून बैलांच्या मागं चालत राहिले. लढाई संपून वर्ष होत आलं होतं आणि त्यांचा एकुलता एक पोरगा अजून बेपत्ता होता. चेष्टेला चेष्टेनं उत्तर द्यायला माणसाच्या अंगात जी ऊब लागते, ती त्यांच्यात उरली नव्हती.

गाडी नेली ती नाक्यावर, कुतुबुद्दीन मिस्त्रीच्या शेडमध्ये. पुणे-बंगलोर रस्त्यावर पत्र्याचं आणि इंजिनाचं काम करणारा त्या टापूत तो एकटाच. लालासाहेब आणि तो एका तालमीतले, एका वयाचे. लालासाहेब त्याला कुतबा म्हणायचे, आणि तो त्यांना चारचौघांत लालासाहेब म्हणायचा न् एकटं असताना काहीच म्हणायचा नाही.

कुतुबुद्दीननं गाडीभोवती एक फेरी मारली. टिचकी मारली की निरोगी पत्रा टणकन बोलतो, कुजलेला भद् करतो. तो दारापासून टिचक्या मारत मागं गेला. वरचा पत्रा बोलला. खालच्या कडेला टिचकी मारली तर बोटच आत गेलं.

"खालनं कुजलीया," तो म्हणाला. "पर बॉडी वाचंल. इंजिनाचं काय खरं न्हाई."

इंजिनाचं खरं नाही हे लालासाहेबांना त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. सात वर्षांमागं त्यांचा हंबीर पाहुण्यांना पुण्याहून घेऊन येत होता. खंबाटकीच्या घाटात इंजिन तापलं, वाफ यायला लागली, आणि पोरानं घाईघाईत झऱ्याचं गार पाणी बादलीनं ओतलं. तापलेलं ओतीव बीडाचं लोखंड गार पाण्यानं तडकतं. ब्लॉक फुटला तो फुटलाच. गाडी दुसऱ्या मोटारीला बांधून नाक्यावर आली, आणि तिथं, सगळ्या गावादेखत, लालासाहेबांनी मिसरूड फुटलेल्या पोराच्या थोबाडीत दिली. दिली ती दिली, वर म्हणाले, "तुझ्या हातात बैलाचा कासरा बी द्यायच्या लायकीचा न्हाईस तू."  आठ दिवसांत साताऱ्याला जाऊन हंबीरनं फौजेत नाव घातलं, तेही लॉरी ड्रायव्हर म्हणून. जणू बापाला दाखवायचंच होतं.

त्याला गाडी चालवायला कुतुबुद्दीननंच शिकवलं होतं. क्लच कसा सोडायचा, घाटात गिअर कधी टाकायचा, सगळं शिकवलं. तापल्या इंजिनात गार पाणी घालायचं नसतं, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं. ही गोष्ट त्याच्या मनात अशी रुतली होती, की ती त्यानं बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

पुढं सिंगापूर पडलं, आणि हंबीरचा पत्ता लागेना. सरकारी कागदात तो बेपत्ता, आणि त्याच्या आईच्या तोंडी तो 'वाटंत'. चंद्राबाईंचा हिशेब सरळ होता. मसूरचा गडी परत आला, चाफळचा आला, मग आपला का येणार नाही? गाडी नीट करायचं टुमणं त्यांनीच लावलं होतं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आल्या आल्या त्यो गोठ्यात गाडी बघाया जाईल. ती अशी उकिरड्यावानी पडल्याली दिसली तर म्हणंल, बापाचा राग अजून गेल्याला न्हाई. तुमी तोंडानं काय बोलणार न्हाईसा, ठावं हाय मला. निदान गाडी तरी बोलू द्या."

आणि लालासाहेबांना ते पटलं होतं. खोटं कशाला बोला, त्यांना तर सुटकाच वाटली होती. क्षमा मागणं ह्या घराण्यात कुणाला ठाऊक नव्हतं, पण गाडी दुरुस्त करणं जमण्यासारखं होतं.

कुतुबुद्दीननं काम हाती घेतलं. बॉडी चेसीवरनं उतरवली, तारेच्या ब्रशनं आणि घासलेटानं गंज खरवडला. कुजलेल्या कडा छाटून नवा पत्रा रिबिटांनी बसवला, वरनं पितळेची झाळ दिली. दारांच्या पोकळीत, जिथं ब्रश पोचत नाही, तिथं मेण आणि तेल गरम करून ओतलं. ढिगानं गंज निघाला. इतका निघाला, की शेडपुढची जमीन तांबडी झाली.

श्रावणात कळलं, की सांगलीला एका व्यापाऱ्यानं फौजेच्या लिलावातल्या मोडक्या लॉऱ्या आणून टाकल्यात, त्यांतली इंजिनं चांगली आहेत. दोघं दोस्त सांगलीला गेले. जाताना लालासाहेब किती दिवसांनी मोकळं बोलत होते. लॉरीचं इंजिन ह्या गाडीत म्हणजे नाकापेक्षा मोती जड होणार, असं कुतुबुद्दीन म्हणाला, तर हसून म्हणाले, "हुऊ दे जड. पोरगं फौजंत लॉऱ्याच चालवत आसंल. त्येच्या हाताला सवय झाली आसंल."

व्यापाऱ्याच्या आवारात चिखलात लॉऱ्यांची रांग उभी होती. इंजिनं दाखवायला एक ड्रायव्हर होता, आकाराम नावाचा. मिरजेकडचा. अंगावर मांस नव्हतं, डोळे पिवळे, पण इंजिनाला हात लावायचा तो जाणत्यासारखा. त्यानं एक इंजिन हँडल मारून चालू केलं. कुतुबुद्दीननं कान लावून आवाज ऐकला आणि मान हलवली. सौदा झाला.

"कुठं न्यायचं?" आकारामनं विचारलं.

"उंब्रज," कुतुबुद्दीन म्हणाला.

"उंब्रज? साताऱ्याकडचं?" आकारामनं हात पुसले. "उंब्रजचा एक हुता आमच्या कंपनीत. हंबीरराव. सिंगापुरात संगंच धरलं आमाला. लय गमत्या. त्येच्या बापाची मोटार हुती म्हणं घरी."

 आकाराम 'हुता' म्हणाला होता. कुतुबुद्दीननं त्याला डोळ्यांनी खुणावून बघितलं, पण आकारामचं लक्ष इंजिनाकडं होतं. आणि लालासाहेब, अगदी सहज विचारल्यासारखं, म्हणाले, "मग? त्येचं फुडं काय झालं?"

"काय हुनार. जपानी आमाला एका बेटावर घिऊन गेलं. थितं तापानं गेला. माझ्या मांडीवर डोकं हुतं. म्या माझ्या हातानं माती दिली त्येला. लाकडं पेटवू देत नव्हती." त्यानं इंजिनाचा सुटा पडलेला एक बोल्ट उचलून खिशात टाकला. "तिसरं वरीस हाय आता. त्येच्या घरचं कुणी भेटलं तर सांगा, एकटा न्हाई गेला म्हणावं."

 कुतुबुद्दीनला वाटलं, आता माणूस कोसळतोय, म्हणून तो जवळ सरकला. पण लालासाहेब म्हणाले, "इंजिन लॉरीत चढवाया किती गडी लागतील?"

आकारामला शेवटपर्यंत कळलं नाही की तो कुणाशी बोलला.

परतीला लॉरीच्या हौद्यात, इंजिनाला टेकून, दोघं बसले होते. इस्लामपूर गेलं, पेठ गेलं, कऱ्हाड आलं. कोयनेच्या पुलावर लालासाहेब बोलले.

"कुतबा, इंजिन बसवायचं."

"कुणासाठी?"

"तिच्यासाठी."

"आन वैनीला काय सांगायचं?"

"काय सांगायचं न्हाई." लालासाहेब म्हणाले. "तिला कळलं की ती एकच इचारंल. कुणापायी गेला? मग म्या काय सांगू? गाडी हुऊ दे. दसऱ्याला दारात उभी ऱ्हाऊ दे. मग माझा मी सांगतो. तवर तुझ्या तोंडातनं एक शब्द जाता कामा न्हाई."

"आवं, ती पोराला पोरगी बघाया लागलीया. मसूरची अंजना. त्या पोरीच्या बापाला सबूद दिलाय तिनं."

"दसऱ्यापतुर, गड्या. तेवढंच मागतोय."

कुतुबुद्दीननं वचन दिलं. चुकलाच तो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? पण समोर चाळीस वर्षांपासूनचा दोस्त पहिल्यांदाच काहीतरी मागत होता. अशा वेळी नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं.

मग सुरू झालं ते काम, ज्यात हात होते पण जीव नव्हता. लॉरीचं इंजिन लांबीला जास्त. पुढचा पत्रा कापावा लागला, चेसीवर नव्या पट्ट्या ठोकून पाया करावा लागला, शाफ्ट आखूड करून घ्यावा लागला. जुनं तडकलेलं इंजिन साखळीनं उचलून बाहेर काढलं तेव्हा कुतुबुद्दीननं ते शेडमागं नेऊन पालथं घातलं. त्या चिरेकडं त्याला बघवेना.

चंद्राबाई दर बाजारच्या दिवशी यायच्या. पदर खोचून गाडीभोवती हिंडायच्या, हे काय, ते काय, विचारायच्या. "भाऊ, ह्ये इंजिन थंड पाण्यानं फुटायचं न्हाई न्हवं?" एकदा त्यांनी विचारलं. कुतुबुद्दीन म्हणाला, "न्हाई वैनी, ह्ये फौजंतलं हाय." त्यावर त्या समाधानानं हसल्या. सीटात भरायला त्यांनी शेवरीचा कापूस काढून ठेवला होता, स्वतः बसून त्यातली एकेक सरकी वेचत होत्या. लढाईवर लाकडाच्या फळ्यांवर बसून पोराची कंबर मोडली असेल, असं त्यांचं म्हणणं. कुतुबुद्दीन मान खाली घालून हातोडा चालवत राहायचा. हातोड्याच्या आवाजात माणसाला बोलावं लागत नाही, हा एक फायदा.

घरी त्याच्या बायकोच्या, सुगराबीच्या, लक्षात आलंच. बायकांच्या येतं. "जेवताना घास का फिरवतासा नुसता?" तिनं विचारलं.

"पत्र्याची धूळ गेलीया घशात."

"धुळीनं माणूस खोकतंय," सुगराबी म्हणाली. "तुमी रडताय." पण तिनं पुढं विचारलं नाही. शुक्रवारी नमाज झाल्यावर तो मशिदीत सगळे गेल्यावरही बसून राहायचा. परमुलखात मातीआड गेलेल्या त्या पोरासाठी हात पसरून दुवा मागायचा. आपण मागतो ती चालते का, त्याला ठाऊक नव्हतं. पण कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे होतं, आणि ज्याचा पोरगा तो तर दाढी करून, पटका बांधून, बायकोसमोर हंबीरच्या लग्नाच्या गोष्टी करत बसला होता.

भाद्रपद लागला. पत्र्याचं काम उरकलं, आता गंज पुन्हा धरू नये म्हणून रंगाखाली लाल अस्तर द्यायचं राहिलं. लढाईपासून त्याचे तयार डबे मिळेनासे झाले होते. कुतुबुद्दीन साताऱ्याला गेला आणि पूजेचं सामान विकणाऱ्या दुकानातनं पिशवीभर शेंदूर घेतला. डब्यात असतो तोही शेंदूरच, आणि देवाला चढतो तोही तोच. अळशीच्या तेलात कालवून पत्र्यावर बसवला, की पाणी आत शिरत नाही. जुने मिस्त्री सगळे असंच करीत.

दुकानदार म्हणाला, "एवढा शेंदूर? कुठला म्हसोबा बसवताय, मिस्त्री?"

"चार चाकांचा हाय," कुतुबुद्दीन म्हणाला. दुकानात दोघं-चौघं हसले. तोही हसला.

आता ह्यात त्याच्या ध्यानात कसं आलं नाही, असं पुढं लोक म्हणाले. म्हणायला काय जातंय? जन्म त्याच गावात गेला होता त्याचा. बांधाबांधावरचे शेंदरी दगड त्यानं रोज बघितलेले. कुणी अवेळी गेला, परगावी गेला, ज्याचं मढंही घरी आलं नाही, त्याच्या नावानं दगड उभा करून शेंदूर लावतात, हे त्याला ठाऊक होतं. पण आयुष्यभर ज्यानं शेंदूर ब्रशनं पत्र्याला लावला, त्याला शेंदरात पत्राच दिसतो. त्यानं बॉडी चेसीवर चढवली, दारं बसवली, आणि पुढच्या नाकापासून मागच्या मडगार्डापर्यंत सगळी गाडी दोन हात देऊन शेंदरानं माखली. पाऊस रेंगाळला होता, हवा दमट. शेंदूर दोन दिवस झाले तरी हाताला लागत होता.

तिसऱ्या दिवशी लालासाहेबांच्या घरी म्हाळ होता. पितरांचा पंधरवडा, घरोघर पानं वाढलेली, कौलाकौलांवर कावळे. दुपार कलली तशा चंद्राबाई पाहुण्यांची पंगत उठवून, कुतुबुद्दीनसाठी ताट झाकून घेऊन स्वतः शेडवर आल्या. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी. दर म्हाळाला त्याचं ताट यायचं, पण गड्याच्या हातनं. ह्या खेपेला त्यांना गाडी बघायची होती.

आत पाऊल टाकलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. हातातलं ताट कलंडायला लागलं, कुतुबुद्दीननं पुढं होऊन सावरलं.

"ह्यो शेंदूर कुणी लावला?" आवाज असा होता की कुतुबुद्दीनला पहिल्यांदाच, त्या क्षणी, स्वतःचं काम दिसलं. अंधाऱ्या शेडमध्ये ती शेंदरी गाडी. 

"म्या लावला, वैनी."

"कशापायी? आमच्या दिराचा दगड आसाच हाय बांधावर. इहिरीत गेला तवा उभा केल्याला." त्या गाडीकडं बघतच होत्या. "भाऊ, माझ्यापास्नं काय लपवताय तुमी?"

आता बोलायला हवं होतं. नंतर कितीदा तरी त्याला वाटलं, तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते असं: "आवं वैनी, गंज धरू ने म्हणून लावत्यात. समद्याच गाड्यांना लावत्यात. त्यो बघा, तिकडं लॉरीचा मडगार्ड हाय, त्याला बी लावलाय. ह्यो वाळला की वर काळा रंग द्यायचा, मग दिसणार बी न्हाई."

कोपऱ्यात खरंच एका लॉरीचं मडगार्ड शेंदूर लावून टेकवलेलं होतं. तो बोलला त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला स्वतःची जास्त लाज वाटली.

चंद्राबाईंनी मडगार्डाकडं बघितलं, मग गाडीकडं. हळूहळू त्यांचा चेहरा सैल पडला. पदरानं डोळे पुसत त्या हसल्या. "आगं बया. म्या मेलीनं काय काय मनात आणलं. म्हाळाचं दिस, त्यात ह्यो रंग. काळीज पार घशात आलं बघा." त्यांनी ताट लाकडी पेटीवर ठेवलं, वरचं फडकं नीट केलं. "थांबा, हात धुवाया पाणी देते तुमाला. जेवण गार हुतंय." आणि तांब्या घेऊन त्या शेडमागच्या पिंपाकडं गेल्या.

त्यांची पाठ वळली, आणि रस्त्याकडनं लालासाहेब आत आले.

घरात बसवत नव्हतं त्यांना. सकाळी बापाच्या नावानं पान वाढलं होतं, आईच्या नावानं वाढलं होतं, आणि दिवसभर माणसं जेवत होती. त्यांनी सांगलीहून आल्यापासून शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. बॉडीला काय रंग लागला, त्यांना ठाऊक नव्हतं. उन्हातनं आत आल्यामुळं आधी त्यांना काही दिसलं नाही. मग दिसलं.

 दाराशीच त्यांनी पायातलं पायताण काढलं. डोईचा पटका काढून काखेत धरला. आणि देवळात जावं तसे, अनवाणी, ते गाडीपाशी गेले.

कुतुबुद्दीनला ओरडायचं होतं. वैनी मागं हाय, एवढे तीन शब्द. पण बाप पोरापुढं वाकत असताना त्याला हटकायचं कसं?  लालासाहेबांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले, मग कपाळ टेकलं, आणि तसेच राहिले. खांदे हलत होते. आवाज नव्हता.

मान वर केली तेव्हा चंद्राबाई तांब्या घेऊन समोर उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचे अनवाणी पाय बघितले. उघडं डोकं बघितलं. कपाळाला ओला शेंदूर लागला होता.

"कवा गेला?" त्यांनी विचारलं.

 "तिसरं वरीस हाय," लालासाहेब म्हणाले. "एका बेटावर. तापानं."

"तुमाला कवा कळलं?"

"सरावनात. सांगलीला."

त्यांनी कुतुबुद्दीनकडं बघितलं. "भाऊ, तुमाला बी?"

त्यानं मान हलवली. त्या बाईच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. ओळखीचं माणूस अनोळखी वाटावं तशी ती नजर होती, आणि ती त्याला मरेपर्यंत पुरली.

तांब्या त्यांनी खाली ठेवला. सांडला नाही. रडल्या नाहीत. लालासाहेबांना ते सोसेना. ते म्हणाले, "म्या मारलं म्हणून गेला त्यो. गावाच्या म्होरं मारलं. बोल, काय बोलायचं ते. सात वरसं बोलली न्हाईस, आता बोल."

"मारलंसा ते मारलंसा," चंद्राबाई म्हणाल्या. "बाप मारतोच. त्येचं मला काय न्हाई." त्या थांबल्या. "आज कुणाकुणाचं पान वाढलं आपण?"

लालासाहेबांना समजेना.

"मामंजींचं वाढलं. आत्याबाईंचं वाढलं. इहिरीत गेलेल्या दिराचं वाढलं, त्येला आवडती म्हणून तिखाट भाजी केली. आन माझ्या पोराचं?" आवाज चढला नाही, उलट खाली खाली जात होता. "तीन म्हाळ झालं. समद्यांची माणसं दारात येऊन जेवून गेली. माझं पोरगं दारात येऊन उपाशी माघारी गेलं आसंल. पैल्या दोन वक्ताला कुणाला ठावं नव्हतं, जाऊ द्या. पर आज तुमाला ठावं हुतं. म्या पानं मांडत हुते तवा तुमी पाटावर बसून बघत हुता. एक पान कमी पडतंय, ह्ये तुमाला ठावं हुतं."

लालासाहेब भिंतीला धरून खाली बसले.

 कुतुबुद्दीननं मनात किती प्रसंग रचले होते. बाई ऊर बडवतील, नवऱ्याला शिव्या देतील, आपल्यालाही देतील. त्यानं आणि लालासाहेबांनी एका आईला दुःखापासून वाचवायचं म्हणून सगळा खटाटोप केला. दाराशी आलेल्या पोराला जेवायला वाढायचं असतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुरुषांची अक्कल ती. झाकायचं तेवढं कळतं.

चंद्राबाईंनी पेटीवरचं ताट उचललं. "भाऊ, ह्ये तुमच्यासाठी आणलं हुतं. तुमाला दुसरं आणून दीन."

"घ्या वैनी," कुतुबुद्दीन कसाबसा म्हणाला.

त्या बाहेर आल्या. शेडपुढं, तांबड्या जमिनीच्या कडेला, दगडी कट्टा होता. त्यांनी पदरानं तो पुसला, पाणी शिंपडलं, फडकं काढून ताट ठेवलं. खिरीची वाटी जरा पुढं सरकवली. लालासाहेब उठून मागोमाग आले. भिजलेल्या डोळ्यांनी त्यांनी ताटाला हात लावायला हात पुढं केला.

"तुमी न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या.

हात तसाच मागं गेला. त्यानंतर नवराबायको वीस वर्षं एका घरात राहिली, पण कुतुबुद्दीनच्या मते त्या दोन शब्दांनंतर त्यांचं बोलणं असं झालंच नाही.

चंद्राबाई कट्ट्यापासून चार पावलं लांब जमिनीवर बसल्या, डोईवर पदर घेऊन, आणि वर बघत राहिल्या. शेजारच्या वडावर कावळे होते, पाच-पन्नास होते. एक खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून त्यानं ताटाकडं बघितलं, आणि तिथंच चोच घासत बसला. कुतुबुद्दीन शेडच्या दारात उभा होता, बोटांना शेंदूर, आणि त्याला वाटत होतं, हात जोडून त्या पाखरांना सांगावं, या रं, एकानं तरी या. सावल्या लांब झाल्या. खिरीवर साय धरली. गावात त्या दिवशी घरोघर म्हाळ होता, सकाळपासून कौलाकौलांवर पानं वाढलेली होती, आणि कावळ्यांची पोटं भरलेली होती.